धनी आत, घर बाहेर

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दोन गोष्टींना हळदकुंकू वाहिले जाते. घरी उंबरठ्याला आणि पेढीवर चोपडीला. एरवी या दोघांचे सख्य फारसे नाही. चोपडीतले आकडे फुगत गेले की उंबरठा डळमळू लागतो, हे मराठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. म्हणूनच की काय, माणसाच्या भाग्याचे आणि अभाग्याचे कितीतरी शब्द आपल्या भाषेने घराभोवती गुंफले. यजमान तो घरधनी. त्याचे बरे चालले तर घर नांदते. वाईट दिवस आले तर घर बुडते, घरावर टाच येते आणि शेवटी घरादारावर नांगर फिरतो.

या घरधन्याच्या वाट्याला येऊ शकणारा एक पेचप्रसंग असा. धनी तुरुंगात आहे. घरावर कर्ज आहे आणि ते कर्ज घराच्या किमतीहून मोठे आहे. घर विकले तरी कर्ज फिटत नाही, न विकले तर व्याज थांबत नाही. मग ते विकायचे कोणी? धनकोला कमी रकमेवर राजी कोणी करायचे? आणि खरेदीखतावर सही करायला गजाआडचा धनी कचेरीत यायचा कसा? सणासुदीच्या दिवसांत असा विषय काढावा का, असे कोणाला वाटेल. पण या प्रश्नाचे उत्तर शोधू गेलो, तर महाराष्ट्राचा दोनशे वर्षांचा इतिहास उलगडत जातो. त्यात पेशवाईचे पुणे आहे, सुप्याचा बाजार आहे, न्यायमूर्ती रानडे आहेत, भगूरचा वाडा आहे आणि यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला पैनगंगेकाठी वसलेल्या झरी जामणीची पोडेही आहेत.

* * *

प्रारंभ पेशवाईच्या अखेरीपासून करू. १८१८ साली पुण्याची सत्ता इंग्रजांच्या हाती गेली आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन दख्खनचा कमिशनर झाला. पुढच्याच वर्षी त्याने जिंकलेल्या मुलखाविषयी जो विस्तृत अहवाल लिहिला, त्यात कर्जवसुलीच्या देशी रीतीचे वर्णन आहे. त्या रीतीचे नाव तकाजा. धनकोने आधी तोंडाने मागणे करावे, मग ऋणकोच्या दाराशी माणूस बसवावा, त्याच्या मागे मागे फिरवावा. तरीही पैसा निघाला नाही तर त्याला अडकवून ठेवावे, उन्हात उभे करावे, डोक्यावर धोंडा द्यावा. दुसरी रीत धरण्याची. धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसे आणि तो जेवत नाही तोवर ऋणकोलाही लाजेकाजेस्तव घास घेता येत नसे.

या रीतीत क्रौर्य होते यात शंका नाही. परंतु तिला एक मर्यादाही होती. धनको आणि ऋणको एकाच गावचे, एकाच पाणवठ्यावरचे. उंबरठ्याच्या एका बाजूला हा उपाशी, तर दुसऱ्या बाजूला तो उपाशी. लोकलाज दोघांनाही होती. शिवाय व्याजाला दामदुपटीची वेस होती. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज मागता येत नाही, हा धर्मशास्त्राचा नियम मुंबई इलाख्यातील इंग्रजी न्यायालयांनीही पुढे मान्य केला. जमिनीला आजच्यासारखा बाजारभावही नव्हता. मिरासी वतन विकायचे तर भाऊबंदांची आणि गावकऱ्यांची संमती लागे. त्यामुळे सावकाराचे लक्ष बहुधा पिकावर असे. कुळाला देशोधडीला लावले तर पुढच्या सुगीला पीक काढणार कोण, हा हिशेब त्यालाही कळत होता.

इंग्रजी अमलात तकाज्याची जागा न्यायालयाने घेतली. १८२७ साली एल्फिन्स्टनच्याच कारकिर्दीत मुंबई इलाख्याचे कायदे संहितेच्या रूपाने आले. १८५९ साली दिवाणी कामकाजाचा सर्वसाधारण कायदा झाला. धोंडा गेला, ऊन गेले आणि त्यांच्या जागी हुकूमनामा आला. या हुकूमनाम्याला दोन हात होते. एका हाताने तो ऋणकोची मालमत्ता धरी आणि दुसऱ्या हाताने खुद्द ऋणकोला. पैशाचा हुकूमनामा झाला आणि पैसा आला नाही, तर धनको त्याला दिवाणी तुरुंगात टाकू शके. गंमत अशी की तेथे त्याच्या जेवणाचा खर्च धनकोनेच भरायचा. तो भत्ता थांबला की कैदी सुटला! ज्याने आपले पैसे बुडवले त्याचाच पाहुणचार करण्याची ही पाळी कोणत्या सावकाराला आवडणार? म्हणून प्रत्यक्ष तुरुंगात फार थोडे जात. पण वॉरंट खिशात घालून गावात फिरणारा बेलीफ लांबून दिसला, तरी कुळाचे पाय लटपटत. तुरुंगाच्या भीतीने ते नव्या खतावर अंगठा उठवी. त्या नव्या खतात जुने मुद्दल, जुने व्याज आणि दाव्याचा खर्च हे सारे मिळून नवे मुद्दल होई.

त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने भर घातली. साध्या खतावरील दाव्याला तीन वर्षांची मुदत ठरली. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, जुनी खते उकरून काढू नयेत असा. घडले ते उलटेच. दर तीन वर्षांनी खत नवे होऊ लागले आणि प्रत्येक वेळी व्याज मुद्दलात मिसळत गेले. दामदुपटीची वेस एका वेळेपुरतीच होती, ती अशी दर तीन वर्षांनी पुढे सरकू लागली.

आणि लिलाव? लिलावाला येणार कोण? गावात रोख पैसा असे तो बहुधा एकट्या सावकाराजवळ. दुसरा कोणी बोली बोलला तर त्याचे आणि सावकाराचे वैर. म्हणून हुकूमनामा मिळवणारा सावकारच आपल्या माणसाकरवी बोली लावी आणि कुळाची जमीन नाममात्र किमतीत घेई. उरलेली बाकी कुळाच्या नावावर राही ती राहीच. घर गेले, शेत गेले आणि कर्ज मात्र शिल्लक उरले. विकणाऱ्याला स्वतः उभे राहून भाव करता आला नाही, म्हणजे मालाचे काय होते याचा हा धडा होता. आपल्या मूळ प्रश्नाची नाडी येथेच सापडते.

* * *

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी मोकळ्या हाताने कर्जे दिली, शेतकऱ्यांनी ती तितक्याच मोकळ्या हाताने घेतली. युद्ध संपले, भाव कोसळले. सारा तेवढाच राहिला, फेरपाहणीने काही ठिकाणी वाढलाही. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा उसळला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. इतिहासकार त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की लोकांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. खते मागून घ्यायची आणि जाळायची. दप्तर मुकाट्याने दिले तर सावकाराला बहुधा इजा होत नसे. लोकांनी रोग नेमका ओळखला होता. आपला वैरी कागदात दडला आहे, हे निरक्षर माणसालाही उमगले होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना हाताशी धरून बंड उभारले, त्यातही सावकारांच्या घरांवर धाडी पडल्या. त्याच वर्षी 'दख्खनच्या शेतकऱ्यांना साह्य करण्याचा कायदा' मंजूर झाला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. त्याने तीन मोठ्या गोष्टी केल्या. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले. जी जमीन स्पष्टपणे गहाण दिलेली नाही, तिला टाच लावणे बंद केले. आणि खतावर आकडा काहीही असो, न्यायाधीशाने मूळ व्यवहारापर्यंत जाऊन हिशेब तपासावा, असे बंधन घातले. दावा लावण्यापूर्वी सलोखा करणाऱ्या पंचाकडे जाण्याचीही तरतूद त्यात होती.

या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करायला खास न्यायाधीश नेमले गेले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते. आधी ते साहाय्यक होते आणि १८८७ पासून मुख्य. तालुक्या-तालुक्यांतून हिंडायचे आणि तेथील न्यायालयांचे निवाडे तपासायचे, असे ते काम. अर्थशास्त्रावरील रानड्यांची व्याख्याने आपण वाचतो, तेव्हा त्यांच्यामागे ही पायपीट आणि कुळांच्या हिशेबांचे हे डोंगर आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

कायद्याला अर्थात पळवाटा निघाल्या. गहाणखताने अडचण येते असे दिसताच सावकार सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले. कागदावर विक्री, मनात गहाण. ही युक्ती इतकी चिवट निघाली की अवैध सावकारीत बळकावलेली जमीन परत देण्याची तरतूद महाराष्ट्राला २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यातही करावी लागली. तरीही १८७९ चे श्रेय १८७९ ला द्यावे लागते. गरिबीपायी कर्ज थकले हा गुन्हा नव्हे, हे त्या कायद्याने निदान चार जिल्ह्यांत तरी मान्य केले.

* * *

पैनगंगेच्या बाजूला मात्र हा कायदा पोचला नाही. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले होते. ते मुंबई इलाख्यात नव्हते. आजचा झरी जामणी तालुका त्या वेळच्या वणी जिल्ह्यात मोडे. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले आणि १९०५ साली या जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. जंगल दाट आणि वस्ती विरळ होती, म्हणून पडीत जमिनी वहिवाटीला आणण्यासाठी १८६५ च्या नियमांनी येथे गावेच्या गावे इजाऱ्याने दिली गेली. यवतमाळ जिल्ह्यातील कित्येक गावांच्या नावापुढे अजून 'इजारा' हा शब्द लागतो, तो त्याच काळाची खूण आहे.

येथे गोंड, परधान आणि कोलाम राहत आले. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. कुडाच्या भिंती, त्यांवर मातीचा लेप, वर गवताचे किंवा कवलांचे छप्पर, असे ते घर. लिलावात त्याची बोली कोण बोलणार? जे घर पोडाने मिळून उभे केले आणि पोड हलले की मागे राहणार, त्याला बाजारात किंमत ती काय? पण त्या घराभोवतालच्या काळ्या जमिनीला होती. कापसाचे पीक आले, त्यामागून सावकारही आला. वऱ्हाडातील जमीन विकता-गहाण ठेवता येत होती आणि अंगठ्याचा ठसा येथेही सुप्याइतकाच स्वस्त होता.

या भागाचा इतिहास मंदीच्या काळात एका वेगळ्या वळणावर येतो. १९२९ नंतर जगभर भाव कोसळले, कापूसही कोसळला. कर्ज होते तेवढेच राहिले, पण ते फेडायला लागणारा कापूस कितीतरी पटींनी वाढला. जमिनीची किंमत कर्जाखाली गेली. न्यायालयाने किती हुकूमनामे दिले तरी आडात नाही ते पोहऱ्यात येणार कोठून? तेव्हा मध्य प्रांताने १९३३ साली कर्ज तडजोडीचा कायदा केला. हिंदुस्थानात असे पाऊल टाकणाऱ्या पहिल्या प्रांतांत त्याची गणना होते. या कायद्याने तडजोड मंडळे नेमता येऊ लागली. ऋणकोने आपली सारी देणी मंडळापुढे मांडायची आणि धनकोंनी आपली खते. मग मंडळाने विचारायचे: याच्याजवळ आहे ते एवढेच, तुम्ही किती सोडता आणि हा किती हप्त्यांत देतो? समेट झाला की तो लेखी होई आणि त्याला कायद्याचे बळ मिळे. रास्त देकार नाकारून बसणाऱ्या हटवादी धनकोला पुढे न्यायालयात व्याजाची आणि खर्चाची सवलत मिळणार नाही, अशीही मेख मारलेली होती. पुढे १९३९ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांसाठी कर्जनिवारणाचा स्वतंत्र कायदा आला.

वरवर पाहता यात धनकोचे नुकसान आहे. परंतु कागदावरचे हजार आणि हातात येणारे सहाशे यांत शहाणा व्यापारी सहाशे उचलतो. लिलावात त्याला चारशेच मिळाले असते, तेही वर्षानुवर्षांच्या हेलपाट्यांनंतर. अमेरिकेत २००८ च्या सुमारास घरांच्या किमती कर्जाखाली गेल्या, तेव्हा हजारो घरे बँकेच्या संमतीने कर्जापेक्षा कमी रकमेत विकली गेली. तिकडे या व्यवहाराला 'शॉर्ट सेल' म्हणतात. नाव नवे असले तरी बुडत्या कर्जाची समजुतीने वाट लावणे, हे मर्म तडजोड मंडळांच्या कल्पनेत आधीच होते.

* * *

आतापर्यंत आपण कर्जापायी तुरुंगात जाणाऱ्याविषयी बोललो. पण माणूस दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यासाठी तुरुंगात असला तर? त्याचे घर त्याचेच राहते का?

एके काळी नेहमीच राहत नसे. १८६० च्या दंडसंहितेत काही गुन्ह्यांसाठी शिक्षेबरोबर सर्वस्वाच्या जप्तीची तरतूद होती. राजाविरुद्ध युद्ध पुकारणे हा त्यांतला प्रमुख. नाशिकजवळच्या भगूरच्या सावरकर कुटुंबाने ती पुरेपूर भोगली. १९०९ साली बाबाराव सावरकरांना आणि १९१० साली विनायकरावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तिच्यासोबत मालमत्तेची जप्तीही होती. धनी अंदमानात आणि घर सरकारात. मागे राहिलेल्या बायकांनी आसरा कोठे घ्यायचा, हा प्रश्न कायद्यापुढे नव्हताच.

१९२१ साली दंडसंहितेतून सर्वस्वाच्या जप्तीची ती कलमे काढून टाकण्यात आली. या गोष्टीचा आपल्याकडे फारसा गाजावाजा झाला नाही, पण तिचे मोल मोठे आहे. त्या दिवसापासून कैद ही माणसाची झाली, त्याच्या घराची नव्हे. या बाबतीत आपण इंग्लंडच्याही पुढे होतो. तिकडे १८७० साली जप्ती रद्द झाली खरी, पण गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या कैद्याला स्वतःची मालमत्ता विकण्याचा किंवा करार करण्याचा अधिकार उरत नसे. ती त्याच्यासाठी दुसऱ्याने सांभाळायची. ही अपात्रता तेथे १९४८ पर्यंत टिकली. आपल्याकडे कैद्याची सही नुसत्या कैदेमुळे कधी निरर्थक ठरली नाही.

घरधनी तुरुंगात असताना त्याच्या मिळकतीचा लिलाव होण्याचे प्रसंग स्वातंत्र्यलढ्यातही आले. १९३० च्या जुलैत वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे पुसदच्या जंगल सत्याग्रहात तुरुंगात गेले, तेव्हा देशभर सत्याग्रह्यांना कैदेबरोबर दंड होत होते आणि दंडापायी भांडीकुंडी, गुरे आणि जमिनी जप्त होत होत्या. गुजरातेत सारा न भरल्याबद्दल जप्त झालेल्या जमिनी किरकोळ किमतीला विकल्या गेल्या. १९३७ साली मुंबईत बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि त्याने पुढच्या वर्षी कायदा करून त्या जमिनी मूळ मालकांना परत मिळण्याची वाट केली. लिलावाची पावती म्हणजे न्यायाचा शेवटचा शब्द नव्हे, असेच जणू त्या सरकारने सांगितले.

* * *

आता आपल्या पेचाकडे वळू. आजच्या घरधन्याला, समजा यवतमाळच्या कारागृहात असलेल्या एखाद्या गृहस्थाला, काय करता येते?

पहिली गोष्ट सहीची. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक लहानशी, पण मोठी माणुसकीची तरतूद आहे. दस्त करणाऱ्याने निबंधकाच्या कचेरीत हजर व्हावे, हा सर्वसाधारण नियम. त्यातून तिघांना सूट आहे: शारीरिक दुर्बलतेमुळे ज्याला येणे कठीण आहे त्याला, कायद्यानेच न्यायालयात जातीने हजर राहण्याची माफी ज्याला आहे त्याला, आणि दिवाणी वा फौजदारी हुकमाने जो तुरुंगात आहे त्याला. अशा वेळी निबंधकाने स्वतः त्याच्याकडे जावे किंवा आपला प्रतिनिधी पाठवून त्याची जबानी घ्यावी. मुखत्यारपत्राबाबतही तसेच. कैद्याने ते स्वखुशीने केले आहे, अशी खात्री करून घेऊन निबंधक त्यावर शिक्कामोर्तब करू शकतो. धनी कचेरीत येऊ शकत नाही, म्हणून कचेरी तुरुंगाच्या दारी जाते. ज्या सरकारी कचेरीच्या पायऱ्या झिजवून सामान्य माणूस थकतो, तिनेच येथे उंबरठा ओलांडावा, ही कल्पना मोठी हृद्य आहे. आणि यात 'स्वखुशीने' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. गजाआडच्या माणसाकडून दडपणाखाली सही घेणे किती सोपे असते, हे कायदा करणाऱ्याला ठाऊक होते.

दुसरी गोष्ट संमतीची. घर बँकेकडे गहाण असेल तर बँकेचा बोजा उतरल्याशिवाय शहाणा गिऱ्हाईक हात लावत नाही. म्हणून घरच्या माणसांनी आधी बँकेला भेटावे, घराचे मूल्यांकन पुढे ठेवावे आणि एकरकमी तडजोड मागावी. या तडजोडीच्या पत्रात एक ओळ असलीच पाहिजे: ही रक्कम मिळाल्यावर उरलेली बाकी माफ. ती ओळ नसेल तर घर जाते आणि बाकी मागे लागते. सुप्याच्या कुळांचे जे झाले, तेच फक्त छापील कागदावर होते. गिऱ्हाइकाचा पैसा थेट बँकेत जावा आणि बँकेने मूळ कागदपत्रे व बोजा उतरल्याचा दाखला द्यावा, हे ओघाने आलेच.

तिसरी गोष्ट टाचेची. घराला न्यायालयाची टाच लागली असेल, तर धनकोच्या हक्काला बाधा आणणारी खासगी विक्री चालत नाही. पण येथेही एक खिडकी उघडी आहे. साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात, खासगी विक्रीने किंवा गहाणाने रक्कम उभी राहील असे ऋणकोने पटवून दिले, तर न्यायालय लिलाव पुढे ढकलू शकते आणि तशा विक्रीचा दाखला देऊ शकते. धनकोला स्वतः बोली लावायची तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. त्या नियमामागे गेल्या शतकांतील कुळांचे निःश्वास आहेत. शेतकऱ्याचे राहते घर साध्या हुकूमनाम्यात टाच लावण्याजोगे नाही, ही सूट जुनीच होती. १९७६ साली ती मजुरांना आणि घरगड्यांनाही मिळाली. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारे आणि धर्माचारामुळे स्त्री अंगावेगळा करू शकत नाही असा दागिना, यांनाही हात लावता येत नाही. बेलीफ घरात शिरला तरी मंगळसूत्राशी थांबतो. आणि झरी जामणीसारख्या भागात आणखी एक कुंपण आहे: १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जायची तर जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी लागते.

खुद्द कर्जापायी तुरुंग आज जवळजवळ दुर्मीळ झाला आहे. १९३६ च्या दुरुस्तीने, ऋणको पळून जाईल, मालमत्ता लपवील, किंवा ऐपत असून देत नाही, असे दिसल्याशिवाय त्याला पकडता येणार नाही असे ठरले. १९८० साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निवाडा दिला की निव्वळ गरिबीपायी देणे थकले म्हणून माणसाला कोंडणे घटनेला धरून नाही. तकाज्याच्या धोंड्यापासून या निवाड्यापर्यंत यायला एकशे साठ वर्षे लागली.

* * *

राहता राहिला घरच्या माणसांचा प्रश्न. बाप तुरुंगात गेला म्हणून त्याचे कर्ज मुलाच्या मानेवर बसते का? आपल्या धर्मशास्त्राने याचा विचार फार बारकाईने केला होता. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे कर्तव्य; परंतु जुगाराचे, मद्याचे, व्यर्थ देणग्यांचे आणि राजदंडाचे देणे त्यातून वगळलेले. बापाच्या व्यसनाची आणि गुन्ह्याची किंमत लेकरांनी मोजू नये, एवढी जाणीव स्मृतिकारांना होती. २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यानंतरच्या कर्जांपुरते हे पुत्राचे धार्मिक बंधनच कायद्याने संपवले. आता वारसाने फेडायचे ते वारशात जे आले असेल त्यातून. मात्र घर एकत्र कुटुंबाचे असेल, तर त्यात मुलांचा आणि आता मुलींचाही वाटा असतो, आणि एकट्या धन्याच्या सहीवर गिऱ्हाइकाचे समाधान होत नाही. सर्वांच्या सह्या घेतलेले खत तेवढे पुढच्या भांडणांना पुरून उरते.

यातली प्रत्येक पायरी शांत डोक्याने चढायची असते, आणि नेमके तेच अशा घरात दुर्मीळ होते. लाजेपोटी माणसे बँकेची नोटीस उघडत नाहीत. भाऊबंदांना कळू नये म्हणून वकिलाकडे जात नाहीत. लिलावाची जाहिरात चावडीवर लागते, तेव्हा धावाधाव सुरू होते. तोवर भाव करण्याची वेळ निघून गेलेली असते. ज्या जिल्ह्याने कर्जापायी आपली कितीतरी कर्ती माणसे गमावली, तेथे ही लाज हा काही शोभेचा सद्गुण नाही. ती घात करते. दोनशे वर्षांच्या या इतिहासात ऋणकोच्या बाजूने जे जे कायदे झाले, त्या सर्वांचे सार एकच आहे: वेळेवर बोला, लेखी बोला, आणि धनकोच्या समोर बसून बोला. रानड्यांच्या काळचा सलोखा तेच सांगत होता, मध्य प्रांताचे तडजोड मंडळ तेच सांगत होते, आणि तुरुंगाच्या दारी वही घेऊन जाणारा निबंधकही तेच सांगतो.

घर गेले तर वाईट वाटतेच. पण बाकी माफ झालेल्या, कर्जमुक्त भाड्याच्या खोलीत धनी सुटून परत आला, तर तेथे पुन्हा उंबरठा करता येतो. कर्जाची शेपटी मागे ठेवून गेलेले घर मात्र पुढच्या घराचाही पाया पोखरते. चोपडीची पूजा आपण करतो ती तिच्यात जमा वाढावी म्हणून. जे वसूल होणारच नाही असे पान समजुतीने मिटून टाकण्याचा हा एक मुहूर्त मानला, तर लक्ष्मी रुसेल असे वाटत नाही.